मागचीतली मावशी

तुमच्या घराची पाठ तुम्ही शेवटची कधी पाहिलीत?

पुढचं दार विचारत नाही मी. त्याला तुम्ही रंग देता, पाटी लावता, पाहुणे यायचे म्हटलं की पायपुसणं झटकता. मी पाठ विचारतेय. जिथे मोरीचे पाइप खाली उतरतात, जिथे मोडकी खुर्ची ‘बघू कधीतरी’ म्हणून टाकलेली असते, ती बाजू. आठवत नाही ना? मग जरा ऐकून घ्या. आमच्या मावशीनं उभा जन्म तुमच्यासारख्यांच्या घरांच्या पाठी बघण्यात काढला, आणि त्यापायी एक दिवस तिच्या पोरीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

मावशी म्हणजे इस्त्रीवाली. माझी सख्खी नव्हे, गल्लीत ती सगळ्यांचीच मावशी. म्हातारा कोळसेवाला तिच्याहून वयानं चांगला थोरला, तोही तिला मावशी म्हणतो आणि ती त्याला “काय रे बाळा” म्हणून ओ देते.

आमच्या गल्लीला नाव नाही. पुढच्या रस्त्याला आहे. गोऱ्यांच्या राज्यात त्याला त्यांच्या एका सेनापतीचं नाव होतं. ते गेले आणि आपल्या एका पुढाऱ्याचं आलं. पाटी बदलली, भाषणं झाली, फुगे सोडले. मागच्या गल्लीला तेव्हाही नाव नव्हतं, आजही नाही. आम्ही तिला ‘मागची’ म्हणतो. कुठे राहता? मागचीत. संपलं.

ही गल्ली आपोआप झालेली नाही, हे आधी डोक्यात घ्या. शिकलेल्या माणसांना वाटतं, गरिबांची वस्ती म्हणजे गवत, पाऊस पडला की उगवतं. चूक. मागची आखलेली आहे. पट्टी लावून, कागदावर, साहेबाच्या टेबलावर. पुढे रुंद रस्ता, दुतर्फा झाडं आणि झाडांच्या सावलीत खांबांचे दुमजली बंगले, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. वारा कुठून येतो ते बघून त्यांची तोंडं तिकडे केली. वाऱ्यानं आधी दिवाणखान्यात जायचं, मग स्वयंपाकघरात, आणि मग सगळ्यांचा वास गोळा करून आमच्याकडे. साहेबाला धुतलेला शर्ट हवा होता, धुणारी नको होती. कोळसा हवा होता, कोळसेवाला नको होता. म्हणून बंगल्यांच्या मागे ही अरुंद गल्ली काढली, मधोमध गटार ठेवलं, नोकरांच्या खोल्या बांधल्या आणि प्रत्येक बंगल्याला मागून एक लोखंडी गोल जिना चिकटवला. गाठोडं घेऊन गोल गोल चढायचं, मागच्या दाराशी ठेवायचं, गोल गोल उतरायचं. आणि खरी मेख पुढेच आहे. मागची आणि पुढचा रस्ता यांच्यामध्ये एकही आडवी वाट ठेवली नाही. बंगल्याला बंगला भिडलेला, जिथे फट राहिली तिथे विटांची भिंत. मागचीतून पुढच्या रस्त्यावर जायचं तर पार टोकाला पाण्याच्या टाकीपर्यंत चाला, टाकीला वळसा घाला, आणि तेवढंच उलटं चालत या. टाकीपाशी चौकी होती. कोण जातंय, गाठोड्यात काय आहे, सगळं बघायला.

साहेब गेला. चौकीत आता झेरॉक्सचं दुकान आहे. बंगल्यांत आपलीच माणसं आली, एकेका बंगल्यात तीन-चार बिऱ्हाडं झाली. पण गाठोडं अजून मागूनच जातं. विटेला कुठे कळतं राज्य बदललेलं?

मावशीचं टेबल मागचीत जिथे भिंत थोडी आत गेली आहे तिथे असतं. तिच्या आधी तिची आई तिथेच उभी राहायची. टेबलावर जुन्या घोंगड्यांची गादी, वर पांढरी चादर, चादरीवर इस्त्रीचे तांबूस त्रिकोण. इस्त्री कोळशाची, पोलादी, अशी जड की मी एकदा उचलली तर खांदा उतरायची वेळ आली. राख फुंकताना मावशी गटाराकडे तोंड करते आणि कपड्यांकडे पाठ. बोट ओलं करून इस्त्रीच्या तळाला टेकवते, आवाज ऐकते आणि मान हलवते. एखादा कपडा आवडीच्या माणसाचा असला की त्याच्याशी बोलते. “काय हो, पुन्हा बटण तोडलंत? बायको काही बोलली नाही?”

माणसं तिला माहीत होती, पण माणसांची नावं नव्हती. घरं ती पाठीवरून ओळखायची. वाकड्या पाइपवाले, जाळीच्या खिडकीवाले, फुटक्या मोरीवाले. एका घरातून सकाळ-संध्याकाळ खोकल्याचा आवाज यायचा, ते खोकलेकर. ते न्यायाधीश होते म्हणे. मावशीला काय त्याचं? तिच्या लेखी खोकलेकरांच्या सदऱ्याची गळपट्टी रुंद, एवढंच.

आणि चेहरे तर तिला माहीतच नव्हते. लोखंडी जिने गंजले, चढणं जिवावरचं झालं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या लोकांनी दोरीला टोपल्या बांधल्या. कपडे टोपलीतून खाली, इस्त्री होऊन टोपलीतून वर. मागच्या दारांना आतून कपाटं लागली. तेव्हापासून घर म्हणजे वरून आलेला एक हात आणि एक आवाज. “मावशी, कॉलर कडक हं!” आणि मावशी खालून ओरडणार, “टोपली सोडा!”

आता पोरीविषयी. मावशीची बहीण गेली तेव्हा तिची तान्ही पोर मावशीच्या कडेवर आली, ती उतरलीच नाही म्हणा ना. थंडीत टेबलाखाली बसून अभ्यास करायची, वरून इस्त्रीची ऊब यायची. मावशी एक पाय टेबलाखाली सारून तिला ढोसायची. “झोपलीस का ग? मोठ्यानं वाच, मलाही कळू दे.” त्या पोरीनं नर्सिंग केलं, सरकारी दवाखान्यात लागली. तिच्या गणवेशाची घडी बघून डॉक्टरसुद्धा स्वतःचा कोट ओढून सरळ करतात.

त्याच दवाखान्यात रक्त तपासणारा एक मुलगा. दोघांचं जमलं. बोलता बोलता निघालं की मुलगा वाकड्या पाइपवाल्यांचा. लहानपणापासून त्याचे शर्ट मावशीच करत आलेली. पोरीनं हे जरा ताठ मानेनंच सांगितलं. आता तोंड वाकडं करतो की काय, ते बघत होती. तो म्हणाला, “म्हणजे माझे सगळे शर्ट तुमच्या घरी राहून आलेत. मीच तेवढा राहिलोय.”

असा मुलगा. घरात त्याची आई, शाळेत शिकवणारी, तिला सगळे बाई म्हणतात, आणि आजोबा. बाईंनी होकार कळवला. दोन्ही घरांनी एकदा बसावं, चहा घ्यावा, बोलणी करावी असं ठरलं. तेव्हा पोरीनं अट घातली.

“माझी मावशी पुढच्या दारानं येईल,” ती मुलाला म्हणाली. “दिवाणखान्यात खुर्चीवर बसेल. तिला जिन्यानं, स्वयंपाकघरातून आत घेतलं तर मी तिथून तशीच परत जाईन. मग लग्न नाही.”

“मी स्वतः फाटकात उभा राहतो,” मुलगा म्हणाला.

“अगं, हे काय सांगायला हवं?” बाई म्हणाल्या.

“सांगायलाच हवं,” पोर म्हणाली.

हे कळल्यावर मावशीनं घरी पोरीला फैलावर घेतलं. “अटी कसल्या घालतेस? सोन्यासारखं स्थळ! दार म्हणजे दार. मागचं काय नि पुढचं काय!” पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मावशी दमली तेव्हा म्हणाली, “तू बसशील ना खुर्चीवर?”

मावशी ‘चल, जेवून घे’ म्हणून उठली. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीवर गेले तर ही बया शेजाऱ्यांची खुर्ची मागून आणून त्यावर बसलेली, दोन्ही हातांनी कडा धरून, बस वळणावर आल्यासारखी. जन्मभर उभं राहून काम केलेल्या बाईला खुर्ची कुठली सवयीची?

“पाय कुठे ठेवायचे ग?” तिनं मला विचारलं.

तिचा भाऊ, आमचा मामा, नळाची कामं करतो. तो दारात विडी ओढत उभा होता. “जमिनीवर ठेव ताई. नाहीतर काय डोक्यावर ठेवणार आहेस?”

“तू गप रे, पाना कुठला!”

ठरलेल्या दिवशी पोर दिवसपाळी करून दवाखान्यातून परस्पर तिकडे जाणार होती. आम्ही तिघं निघालो: मावशी, मामा आणि मी. मला बरोबर घेऊ नये असं मामाचं मत होतं. “हिचं तोंड तोफखाना. बोलणी करायला चाललोय का मोर्चा काढायला?” मावशी म्हणाली, “येऊ दे, तिलाही खुर्चीवर बसायची सवय नाही.” हे खरं नव्हतं, पण मी गिळलं.

भेट म्हणून मावशीनं एक टेबलक्लॉथ घेतला होता. शुभ्र, काठाला पोरीनं भरलेली निळी वेल. स्टार्च करून असा कडक केला होता की तो दुमडायची तिची हिंमत होईना. दोन्ही हातांवर आडवा घेऊन चालली होती, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तशी.

टाकीला वळसा घातला आणि वेळेच्या बऱ्याच आधी पुढच्या रस्त्याला लागलो, अजून कुठल्याच फाटकात मुलगा दिसत नव्हता. तिथे मावशीची पावलं मंदावली. मग थांबली.

“यातलं कुठलं?” ती म्हणाली.

मला आधी कळेना ती काय विचारतेय. पोरीनं पत्ता म्हणून एवढंच सांगितलं होतं, तुला घर माहीतच आहे मावशी. आणि माहीत होतंच. मागून. मागून त्या ओळीतलं एक घर दुसऱ्यासारखं नाही. कुणी गच्चीला पत्रा ठोकलाय, कुणी खिडकी फोडलीये, कुणाच्या भिंतीतून झाड आलंय. माणसं राहतात त्याच्या खुणा सगळ्या पाठीवर. पुढून मात्र जुनं देखणेपण जपायचं म्हणून महापालिकेचा नियम, खिळासुद्धा ठोकायचा नाही. तेच पांढरे खांब, त्याच कमानी, तेच फाटक, साहेबानं बांधलं तसंच. घर क्रमांक म्हणाल तर एक आकडा साहेबाच्या काळचा, एक महापालिकेचा, आणि दोघांचा एकमेकांशी अबोला.

मामानं अक्कल लढवली. “सोपं आहे. टाकीपासून मागून मोजलं तर वाकडा पाइप कितवा? तेवढंच पुढून मोजायचं.” त्यानं बोट नाचवत मोजलं, एका फाटकाशी थांबला. “हेच!” हे तो नळवाला असून म्हणाला! त्याच ओळीत पुढून वेगळे दिसणारे काही बंगले मागून एका पत्र्याखाली एक झालेले, म्हणून आम्ही अलीकडेच थांबलो होतो. पण तेव्हा आम्हा तिघांच्याही ते ध्यानात आलं नाही.

फाटकात रखवालदार होता. स्टुलावर बसून पाय हलवत होता.

“कुणाकडे?”

“वाकड्या पाइपवाल्यांकडे,” मावशी म्हणाली, सगळ्या जगाला माहीत असल्यासारखी.

मी घाईनं आडनाव सांगितलं. “इथे नाहीत,” तो म्हणाला. मग कुठे? “ते मला काय ठाऊक? मी ह्याच फाटकाचा.” मग त्याची नजर मावशीच्या हातांवरच्या कापडाकडे गेली आणि तो सहज म्हणाला, “कपडे द्यायचे असतील तर मागून जा.”

त्याच्या बोलण्यात विष नव्हतं, हे मी कबूल करते. तो आमच्यातलाच. पायात चप्पल नव्हती त्याच्या. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशीनं कोपरानं मला असं ढोसलं की पहिली शिवी घशातच राहिली.

“त्याचं काय चुकलं?” ती म्हणाली. “हातात कपडे आहेत, तोंडाला घाम आहे. मी असते तरी हेच म्हणाले असते.”

मी पोरीला लावायला फोन काढला, तर मावशीनं तो हिसकावून स्वतःच्या पिशवीत टाकला. “खबरदार! पहिल्याच दिवशी काय सांगणार, आम्हाला तुमचं घर सापडेना? जन्म गेला त्यांचे कपडे करण्यात. हसतील.” मग तिनं एकदा रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. “चला, मागून जाऊ. मागून मला डोळे मिटून सापडेल. जिना चढून निरोप देऊ की आलोय, फिरून पुढून येतो. मुलगा फाटकात उभा राहील, मग चुकणार नाही.”

“ताई, पुन्हा टाकीला वळसा? तुझे गुडघे?”

“गुडघे माझे आहेत. तू तुझी जीभ सांभाळ.”

मागचीत शिरल्यावर मावशी बदलली. मान वर झाली, पाय उचलायला लागले. सरळ वाकड्या पाइपाखाली जाऊन उभी. “हे बघ.” पण आता खालून हाक कशी मारणार? रोज मारायची तशी ‘टोपली सोडा’ म्हणून? विहीण होणाऱ्या बाईनं गल्लीत उभं राहून बोंब मारायची? तिनं कापड काखेत दाबलं आणि गंजक्या कठड्याला हात घातला. आम्ही दोघांनी “मी जातो, मी जाते” म्हटलं ते तिनं ऐकलंच नाही. तिच्या पाठोपाठ मी चढले. मामा खालून जिना धरून उभा राहिला, जसा काही तो धरल्यानं थांबणार होता.

वर मावशीनं दार वाजवलं. आतून बोलण्याचे आवाज येत होते. कुणी उघडलं नाही. पुन्हा वाजवलं. आवाज थांबले, मग दूर गेले.

ती वरच्या पायरीवर बसली. कापडाला काखेत मोठी चुणी पडली होती, ती बोटानं सरळ करू लागली. ती चुणी बोटानं जाणारी नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत?

“त्यांनी खिडकीतून बघितलं असेल,” ती हळूच म्हणाली. “मागून आली म्हणून उघडत नाहीत. बरोबरच आहे. पोरीनं एवढं सांगून ठेवलं आणि मीच मागून आले. माझ्या पायानं मोडलं ग मी.”

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ इस्त्रीसारखीच गरम होती.

आणि तिकडे पुढे काय चाललं होतं, ते पोरीनं मला नंतर सांगितलं. मुलगा ठरल्या वेळेला फाटकात येऊन उभा राहिला. पोर टाकीच्या दिशेनं बघून बघून थकली. स्वयंपाकघरात कपाटामागून ठकठक आली, ती बाईंना शेजारच्या बिऱ्हाडातली वाटली. पांढरं कापड घेतलेली तीन माणसं लांबून माघारी वळलेली आजोबांनी वरच्या सज्जातून बघितली होती, पण त्यांना वाटलं दुसरीच कुणी. ते ऐकून पोर म्हणाली, “ती परत गेली. घाबरली. मी अट घातली म्हणून घाबरली. नुसतं चहाला ये म्हटलं असतं तर आली असती.” ती पिशवी घ्यायला वर गेली. मुलगा मागोमाग, बाई मागोमाग. दिवाणखान्यात उभं राहून तिनं शेवटचा प्रयत्न म्हणून मला फोन लावला.

फोन मावशीच्या पिशवीत वाजला. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या मागे.

दाराच्या आत एकदम धावपळ ऐकू आली. “कपाट ओढा! अहो, भांडी आधी काढा!” काहीतरी धाडकन पडलं, बरणी फुटली असावी. मग दार दोनदा अडलं आणि उघडलं. दारात पोर. तिच्या तोंडावर राग, रडू, सगळं एकदमच.

“मावशी! तू मागून आलीस? मी काय सांगितलं होतं?”

“घर सापडेना ग.”

“सापडेना? ह्या घराचे कपडे करण्यात तुझे केस पांढरे झाले!”

“पाठ माहीत आहे मला,” मावशी म्हणाली. “तोंड मी कधी बघितलंय ह्या घराचं?”

मग बाई पुढे झाल्या. “आधी आत या बघू. जिना हलतोय.” मावशीनं कठड्याला धरून उठत एक पाय उंबऱ्याकडे उचलला.

“नाही,” पोर म्हणाली. आवाज लहान होता, पण मला माहीत होतं ती मागे हटणार नाही. मावशीच्याच हाताखाली वाढलीये.

मागून आजोबा म्हणाले, “अगं पोरी, दार ते दार. आता कशाला ताणतेस?”

“आजोबा, तुम्हाला दार ते दार. तुम्ही दोन्हीतून जाऊ शकता.”

सगळे मावशीच्या पायाकडे बघत होते. तो पाय हवेत होता. आत आली की गोष्ट मिटली, चहा झाला, हसून सोडून दिलं सगळ्यांनी. पण पोर तिथून तशीच निघून गेली असती, आणि मावशीला ते कळलं होतं. तिनं पाय परत पायरीवर ठेवला.

“मी आले असते हो,” ती बाईंना म्हणाली. “माझं काय अडतं? माझी आई ह्याच जिन्यानं चढायची, डोक्यावर गाठोडं असायचं. पण हिनं जन्मात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ना दागिना, ना कपडा. तेवढी तरी देऊ दे. येते फिरून. तुम्ही चहा ठेवा.”

“थांबा,” बाई म्हणाल्या. त्यांनी चपला पायात सारल्या आणि बाहेर जिन्यावर आल्या. “मी येते तुमच्याबरोबर.”

जिना अरुंद. दोघी इतक्या जवळ उभ्या राहिल्या की एकमेकींकडे न बघून चालणार नव्हतं. मावशी टक लावून बघायला लागली.

“अगं बाई! तुम्ही एवढ्याशा आहात होय? वरून आवाज केवढा यायचा!”

बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “आणि मला तुमचा फक्त भांग माहीत. केस काळे होते तेव्हापासूनचा.”

त्या खाली उतरल्या. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मागचीत त्यांचं पहिलं पाऊल ते. वर बघितलं, भिंत बघितली. “हा वाकडा पाइप आमचा?”

“तुमचाच. दरवर्षी आमचा भाऊ तार बांधतो म्हणून टिकलाय.”

“आणि हे पाणी? तुमच्या इस्त्रीच्या टेबलाशेजारी पडतंय ते?”

“तेही तुमचंच हो,” मावशी म्हणाली, आणि बाईंचा हात धरून त्यांना गटारावरून पलीकडे घेतलं. “जपून. इथे सगळे पहिल्या दिवशी घसरतात.”

टाकीपर्यंतची वाट कधी संपते असं मला झालं होतं. मावशीचा गुडघा मधूनच दगा द्यायचा, मग बाई थांबायच्या, चप्पल नीट करायच्या निमित्तानं. दोघी काय बोलत होत्या? शर्टांबद्दल. मुलगा सातवीत असताना शाईची बाटली खिशात फुटली होती, तो डाग कसा काढला. बाईंना तो शर्ट आठवत होता, मावशीला डाग.

पुढच्या रस्त्याला लागल्यावर मावशी एकेका घराकडे बोट दाखवून विचारायला लागली. हे कुणाचं? बाई सांगत होत्या. “हे? अहो, ज्यांना खोकला आहे ना, ते न्यायाधीश.”

“खोकलेकर! अगं बाई, ह्यांच्या घराचं तोंड एवढं गंभीर आहे होय?”

रखवालदारानं आम्हाला बघितलं आणि स्टुलावरून उठला. “मिळालं हो घर,” मावशीनं त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली, अगदी त्याच्याच जिवावरचं ओझं उतरल्यासारखी.

फाटकात मुलगा होता, पायऱ्यांवर पोर. मावशी चढली, चप्पल काढायला वाकली. पोरीनंच वाकून ती काढली. आजोबांनी खुर्ची पुढे सरकवली. मावशी बसली. कडा धरल्या नाहीत. पाय जमिनीवर ठेवले, एकमेकांशेजारी. मामाकडे बघून डोळे वटारले, आता बोलून दाखव.

काखेतलं कापड तिनं शेवटी ओशाळत पुढे केलं. “चुणी पडलीये. घरात इस्त्री असली तर आत्ता करून देते.” बाईंनी ते तसंच टेबलावर पसरलं आणि चुणीवर चहाचे कप मांडले, एकाशेजारी एक. मग लग्नाची बोलणी झाली. ती काय झाली ते तुम्हाला सांगायची गरज नाही. लग्न झालं, एवढं पुरे.

मावशी अजून इस्त्री करते. सोड म्हटलं तर माझ्यावरच इस्त्री फिरवेल. सुट्टीच्या दिवशी ती पोरीकडे जाते, पुढच्या दारानं. पोरीच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज तिच्या टेबलापर्यंत ऐकू येतो, आणि तरी तिला जाऊन येईपर्यंत गुडघे शेकायची पाळी येते. वाकड्या पाइपवाल्यांच्या आणि शेजारच्या बंगल्याच्या मध्ये एक फट आहे. दोन्ही टोकांना साहेबाच्या विटांनी बुजवलेली, आत मोडक्या बादल्या. बाईंनी आणि त्यांच्या बंगल्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांनी ती उघडायला हो म्हटलं आहे. शेजारचा बंगला म्हणतो, आजवर नव्हती वाट, आता कशाला? महापालिका म्हणते, भिंत जुनी आहे, जपायची आहे. माझं त्यांच्याशी भांडण चालू आहे, ते मी बघून घेईन, त्यात तुम्हाला ओढत नाही.

तुम्हाला एवढंच मागते. पुढच्या ओळीत घर असेल तुमचं, ह्या गावात किंवा दुसऱ्या कुठल्याही, आणि मागून कुणी येऊन अशी फट उघडायला तुमचा होकार मागितला, तर उद्या या म्हणू नका. हो म्हणा. गाठोडं घेतलेली एक बाई अंग न चोरता जाईल, एवढीच वाट द्या.